पाण्याचा माग

१९८४ साली पॅरिसमध्ये रेडिऑलॉजीचं प्रशिक्षण घेणाऱ्या एका तरुण डॉक्टरला त्याच्या सहकाऱ्याने एक प्रश्न विचारला. यकृतात गाठ दिसते आहे. ती कर्करोगाची, की नुसताच रक्तवाहिन्यांचा गुंता, हे या नव्या एमआरआय यंत्रावर सांगता येईल का?

प्रश्न रोजच्या वॉर्डातला होता. रक्तवाहिन्यांच्या गुंत्याची गाठ, म्हणजे अँजिओमा, बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. माणूस ती पोटात घेऊन जन्मभर सुखाने जगतो. कर्करोगाची असेल तर मात्र एकेक आठवडा मोलाचा. सुई टोचून तुकडा काढावा, तर गुंत्यातून रक्त वाहू लागण्याची भीती. आणि आज अशा गाठींमधला फरक उठून दिसावा म्हणून एमआरआयच्या वेळी शिरेतून जे औषध देतात, ते तेव्हा डॉक्टरांच्या हाती आलेलंच नव्हतं.

त्या तरुण डॉक्टरचं नाव देनी ल बियाँ. वय सत्तावीस. वैद्यकाबरोबर ते भौतिकशास्त्रातही डॉक्टरेट करत होते. सहकाऱ्याचा प्रश्न ऐकून त्यांच्या मनात आलं ते पाणी. कर्करोगाच्या गाठीत पेशी एकमेकींना खेटून दाटीवाटीने बसलेल्या असतात, तेव्हा तिथल्या पाण्याच्या रेणूंना हलायला जागा कमी. अँजिओमात रक्त संथपणे झिरपत असतं, तिथे पाणी मोकळं. रेणू किती भटकतात हे मोजता आलं, तर गाठ उघडून न पाहता तिची जात कळेल.

शांत पाण्याच्या पेल्यात शाईचा थेंब सोडला, की कुणी न ढवळताही तो पसरत जातो; याला विसरण म्हणतात. रेणू एकमेकांना धक्के देत वाट फुटेल तिकडे जातात. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातल्या बारीक कणांचं असं हेलकावणं पाहिलं, आणि १९०५ साली आइनस्टाइनने त्याचं गणित मांडलं. ३७ अंश तापमानाच्या मोकळ्या पाण्यात एका सेकंदाच्या विसाव्या भागात रेणू सरासरी १७ मायक्रोमीटर सरकतो, म्हणजे मिलिमीटरचा साधारण साठावा भाग. अंतर नगण्य वाटेल, पण शरीरातल्या पेशींची मापं याच घरातली आहेत. एवढ्याशा प्रवासात रेणू पेशींच्या भिंतींवर आपटतो, तंतूंना अडखळतो, मोठ्या रेणूंच्या आडून वळसा घेतो. त्याच्या चालीत त्याच्या आजूबाजूची सगळी रचना उमटलेली असते.

ही चाल चुंबकाच्या मदतीने मोजता येते, हे भौतिकशास्त्रज्ञांना ठाऊक होतं. फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ साली अणुगर्भांचा चुंबकीय प्रतिसाद पकडला. त्या सुरुवातीच्या वर्षांत ब्लॉख यांच्या स्टॅनफर्डमध्ये काम करणाऱ्यांत एस. एस. धर्मट्टी हे भारतीय शास्त्रज्ञ होते. अल्कोहोलमधल्या हायड्रोजनच्या तीन वेगवेगळ्या रेषा दाखवणाऱ्या १९५१ सालच्या प्रसिद्ध निबंधावर त्यांचं नाव आहे, आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाची प्रयोगशाळा त्यांनीच उभी केली. १९५० साली एर्विन हान यांनी याच अणुगर्भांकडून 'प्रतिध्वनी' मिळवला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की रेणू जागचे हलतात म्हणून प्रतिध्वनी क्षीण होतो. हान यांच्यासाठी ती अडचण होती. पंधरा वर्षांनी, १९६५ साली, स्टेजस्कल आणि टॅनर यांनी त्या अडचणीलाच मोजमापाचं साधन केलं.

त्यांची युक्ती हिशोबाच्या वहीसारखी आहे. चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनचे अणुगर्भ भोवऱ्यासारखे डुलतात, आणि क्षेत्र जितकं जोरदार तितका डुलण्याचा वेग जास्त. क्षेत्राला क्षणभर उतार दिला, म्हणजे एका बाजूला जरा जास्त आणि दुसऱ्या बाजूला जरा कमी केलं, तर प्रत्येक अणुगर्भ आपापल्या जागेप्रमाणे पुढे किंवा मागे पडतो. थोड्या वेळाने तेवढाच उतार उलटा परिणाम होईल असा दिला जातो. जो रेणू जागचा हललेला नाही, त्याची जमा आणि खर्च बरोबर जुळतात. जो हलला, त्याचा हिशोब चुकतो. चुकलेल्या हिशोबांची संख्या जितकी जास्त, तितका मिळणारा संदेश दुबळा. परीक्षानळीतल्या द्रवावर हे छान चालत होतं.

पण माणूस परीक्षानळीत मावत नाही. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली या तंत्रातून पहिली चित्रं छापली, पीटर मॅन्सफील्ड आणि इतरांनी ती वेगवान व सुबक केली, तरी १९८४ सालची एमआरआय यंत्रं आजच्या मानाने फारच अशक्त होती. रेणूची काही मायक्रोमीटरची हालचाल पकडायला उतार तीव्र हवा, आणि तीव्र उतार दिला की यंत्रच थरथरतं. शिवाय त्याच वेळी त्याच यंत्राकडून चित्रही काढून घ्यायचं. दोन्ही गोष्टी एकाच मापनात बसवायच्या, आणि बसवल्यावर आकड्यांमध्ये कोणाचा वाटा किती हे वेगळं काढायचं, हे ल बियाँ यांचं खरं काम. चित्रण करणारे उतारसुद्धा रेणूंच्या हिशोबात ढवळाढवळ करतात, म्हणून त्या सगळ्यांचा एकत्र परिणाम सांगणारा एक आकडा त्यांनी ठरवला. त्याला 'बी' म्हणतात. आज जगातल्या कुठल्याही एमआरआय केंद्रात तंत्रज्ञ यंत्रावर 'बी-व्हॅल्यू' भरतो, ती ही.

यकृतावरचा पहिला प्रयोग फसला.

अर्ध्या टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) यंत्रावर मिळालेली मापं निराशाजनक होती. रुग्ण श्वास घेतो, छातीचा पडदा खालीवर होतो आणि त्याच्याबरोबर यकृतही मिलिमीटरांनी, कधी सेंटिमीटरांनी सरकतं. त्या लाटेत मायक्रोमीटरचा थरथराट कुठे सापडणार? ज्या प्रश्नासाठी सगळा घाट घातला, तोच सुटेना. ल बियाँ यांनी तंत्र सोडलं नाही, अवयव बदलला. श्वासाने फारसा न हलणारा, कवटीत बंदिस्त असलेला अवयव म्हणजे मेंदू. आधी ते स्वतः यंत्राच्या बोगद्यात झोपले, मग काही सहकारी, आणि त्यानंतर रुग्ण. ऑगस्ट १९८५मध्ये लंडनच्या परिषदेत त्यांनी निरोगी माणसाच्या मेंदूची ही चित्रं दाखवली. त्याच वर्षी एरिक ब्रेतों यांच्यासह लिहिलेला निबंध फ्रेंच विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत आला.

हा शोध एकट्याचा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. त्याच वर्षी जर्मनीत ग्यॉटिंगेनच्या गटाने आणि ब्रिटनमध्ये टेलर व बुशेल यांनी, कोंबडीच्या अंड्यावर प्रयोग करून, पाण्याच्या विसरणाची चित्रं काढली होती. ल बियाँ यांचं वेगळेपण असं की त्यांच्यापुढे पहिल्या दिवसापासून रुग्ण होता. १९८६ साली 'रेडिऑलॉजी' या नियतकालिकात त्यांनी मेंदूच्या आजारांतली मापं प्रसिद्ध केली, आणि त्या मापाला नाव देताना एक शब्द मुद्दाम घातला: 'भासमान'. जे मोजतो ते पाण्याचं शुद्ध विसरण नाही, त्यात बारीक केशवाहिन्यांतून वाहणाऱ्या रक्ताचाही अंश मिसळलेला आहे, हे त्या एका शब्दातून ते वाचकाला बजावत होते. आपल्या आकड्यात किती भेसळ आहे हे नावातच कबूल करणारा संशोधक विरळा, आणि मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

 

१९८७ साली ते अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेले. सर्वांत मोठा अडसर वेळेचा होता. चित्र काढायला कित्येक मिनिटं लागत, आणि तोवर रुग्णाने मान हलवली तरी सगळं मुसळ केरात. मॅन्सफील्ड यांनी नॉटिंगहॅममध्ये एक अतिवेगवान पद्धत शोधली होती. तिच्यात अख्खं चित्र सेकंदाच्या छोट्याशा अंशात निघतं. तिथेच त्या पद्धतीवर काम केलेले रॉबर्ट टर्नर आता बेथेस्डात होते. टर्नर, ल बियाँ आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत विसरणाच्या मापनाला जोडली, तो निबंध १९९० सालचा. रुग्ण थोडा हलला तरी आता चित्र गोठलेलंच मिळत होतं.

आणि त्याच वर्षी देशाच्या दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्कोत, मायकेल मोझ्ली यांना मांजरांच्या मेंदूत काहीतरी दिसलं.

मोझ्ली यांच्या गटाने मांजराच्या मेंदूतली एक मुख्य धमनी बंद केली आणि एमआरआय काढत राहिले. नेहमीच्या एमआरआयवर दोन-तीन तास काहीच दिसलं नाही. विसरणाच्या चित्रात मात्र पाऊण तासातच रक्त तुटलेला भाग पांढराशुभ्र झाला. कारण समजायला सोपं आहे. रक्त थांबलं की पेशीला ऊर्जा मिळत नाही. पेशीच्या भिंतीतले क्षार बाहेर फेकणारे पंप बंद पडतात, पाणी आत घुसतं, पेशी फुगते आणि दोन पेशींमधली मोकळी बोळ चिंचोळी होते. रेणूंची चाल मंदावते, हिशोब कमी चुकतात, संदेश जोरदार मिळतो. पेशी मेली नाही, मरू लागली आहे, हे नेहमीच्या एमआरआयवर दिसत नव्हतं.

पक्षाघात झालेल्या माणसाला घेऊन दवाखान्यात धावलेल्या कुटुंबाला हे किती महत्त्वाचं आहे ते वेगळं सांगायला नको. जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली हिशोब मांडला: मेंदूची मोठी धमनी तुंबली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात. तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही, शब्द फुटत नाहीत. पण सुरुवातीच्या तासांत सीटी स्कॅन बऱ्याचदा स्वच्छच दिसतो. सीटी स्कॅनचं मुख्य काम तेव्हा रक्तस्राव नाही एवढं पाहणं. मेंदूचा नेमका कोणता भाग उपासमारीत आहे हे विसरणाचं चित्र दाखवतं. स्टीव्हन वॉराक आणि त्यांच्या बोस्टनमधल्या सहकाऱ्यांनी १९९२ साली हे माणसांवर दाखवलं. १९९५मध्ये रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मोठी चाचणी यशस्वी झाली, आणि १९९६मध्ये अमेरिकेत त्या औषधाला मान्यता मिळाली, अट अशी की ते पहिल्या तीन तासांत द्यावं. पुढे ती मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली.

इथे एक अवघड पेच उभा राहिला. रात्री ठणठणीत झोपलेला माणूस सकाळी लुळा उठतो. पक्षाघात किती वाजता झाला, कोण सांगणार? कित्येक वर्षं अशा रुग्णांना ते औषध मिळतच नसे. एमआरआयच्या दोन वेगळ्या चित्रांची तुलना केली तर घड्याळ सापडतं, असं डॉक्टरांच्या लक्षात आलं: विसरणाच्या चित्रात डाग आहे, पण जास्त उशिरा बदलणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या चित्रात तो अजून उमटलेला नाही, म्हणजे घटना बहुधा साडेचार तासांच्या आतली. युरोपात ५०३ रुग्णांवर ही कसोटी घेतली गेली आणि २०१८ साली निकाल आला. नव्वद दिवसांनी बऱ्या स्थितीत असलेले रुग्ण औषध मिळालेल्या गटात ५३.३ टक्के, न मिळालेल्या गटात ४१.८ टक्के. यकृतातल्या गाठीसाठी सुचलेली कल्पना चौतीस वर्षांनी झोपेतून लुळे उठणाऱ्यांच्या उपयोगी पडली होती.

बेथेस्डात दुसरीही एक गोष्ट घडत होती. मेंदूच्या पांढऱ्या भागातून चेतातंतूंचे जुडगे धावतात. तिथे मापन ज्या दिशेने करावं त्याप्रमाणे उत्तर बदलत होतं. उसाच्या फडात सरीच्या दिशेने चालणं सोपं, सऱ्या ओलांडून आडवं जाणं जिकिरीचं. पाण्याच्या रेणूंचंही तसंच. तंतूच्या लांबीच्या दिशेने ते सहज सरकतात, आडवे मात्र अडतात. ल बियाँ आणि फिलिप दुएक यांनी या फरकावरून तंतूंच्या दिशा रंगांत दाखवल्या. त्यांचा एक फलक संस्थेच्या संशोधन मेळाव्यात लागला होता, तो पीटर बासर या अभियंत्याने पाहिला आणि त्यातला कच्चा दुवा त्याच्या ध्यानात आला. रुग्णाने डोकं थोडं तिरपं ठेवलं तर आकडे बदलतील. तंतू तेच, उत्तर वेगळं, हे चालणार नाही.

बासर यांच्याकडे त्यावर गणित होतं. प्रत्येक ठिकाणी एकच आकडा न मानता, दिशांनुसार बदलणाऱ्या सहा आकड्यांचा संच मोजायचा. मग डोकं कसंही ठेवा, तंतूची खरी दिशा त्यातून काढता येते. त्यांनी, जेम्स मॅटिएलो यांनी आणि ल बियाँ यांनी हे डुकराच्या मांसाच्या तुकड्यावर तपासलं. स्नायूचे तंतू सरळ असतात. तुकडा यंत्रात फिरवला की मापलेली दिशाही तेवढीच फिरते का, ते पाहायचं. फिरली. १९९४ साली निबंध आले. पाच वर्षांनी संगणकावर ठिकठिकाणच्या या दिशा बाणांसारख्या एकमेकींना जोडत तंतूंचे मार्ग काढता येऊ लागले, आणि मेंदूच्या गाठीची शस्त्रक्रिया करण्याआधी बोलण्याचे किंवा हात हलवण्याचे तंतू गाठीच्या कोणत्या अंगाने गेले आहेत, याचा अंदाज सर्जनला जिवंत माणसात, कवटी न उघडता, मिळू लागला. तोवर असे नकाशे शवविच्छेदनातूनच मिळत.

सगळंच इतकं निर्विवाद राहिलं नाही. १९९४ साली ल बियाँ फ्रान्सला परतले आणि पुढे जपानमधल्या क्योतो विद्यापीठातही काम करू लागले. २००६ साली त्यांनी क्योतोच्या सहकाऱ्यांबरोबर दावा केला की विचार करताना, पाहताना मेंदूच्या पेशी किंचित फुगतात आणि विसरणाच्या चित्रात ते थेट पकडता येतं. मेंदूचं काम दाखवणारं प्रचलित एमआरआय रक्तातल्या ऑक्सिजनवर अवलंबून असतं, म्हणजे पेशींच्या कामाची बातमी ते उशिरा आणि आडवळणाने देतं. दावा खरा असता तर मोठी झेप होती. वर्षभरातच ऑक्सफर्डच्या कारला मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं की हा संदेशही मुख्यतः रक्तवाहिन्यांमधून येत असावा. ल बियाँ आपल्या मतावर ठाम राहिले, विरोधकही. तो वाद मिटलेला नाही. दोन्ही बाजूंनी मापनंच पुढे केली, हे चांगलं झालं.

यकृताचं काय झालं? वेगवान चित्रण आल्यावर, रुग्णाने श्वास रोखून धरलेल्या काही सेकंदांत विसरण मोजता येऊ लागलं. आज यकृताच्या एमआरआयमध्ये, प्रोस्टेटच्या आणि स्तनाच्या तपासणीतही, ही चित्रं नेहमीचीच झाली आहेत. दाट पेशींची गाठ चमकते आणि तिथलं 'भासमान' विसरण कमी भरतं. अँजिओमाही कधी चमकतो, पण त्याचं विसरण मोठं येतं. सहकाऱ्याच्या १९८४मधल्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. त्यासाठी लागणारं यंत्र तेव्हा जन्मायचं होतं.

नंतर ल बियाँ यंत्रामागेच लागले. पॅरिसच्या दक्षिणेला साक्ले इथे, फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाच्या आवारात, 'न्यूरोस्पिन' ही संस्था त्यांनी उभारली. वास्तुविशारद क्लोद वास्कोनी यांनी तिला लाटांसारखी वळणदार छतं दिली. २००७ साली काम सुरू झालं. दवाखान्यातली यंत्रं दीड किंवा तीन टेस्लाची असतात. इथे ११.७ टेस्लाचं यंत्र हवं होतं, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सव्वादोन लाख पटींच्या घरातलं, आणि त्याच्या पोकळीत अख्खा माणूस मावला पाहिजे. यंत्राचं नाव इझ्यो, त्रिस्तान आणि इझ्योच्या जुन्या केल्टिक प्रेमकथेतलं.

चुंबकाचं वजन १३२ टन. लांबी पाच मीटर, व्यासही पाच मीटर, मधली पोकळी ९० सेंटिमीटरची. आत नायोबियम-टायटॅनियमची १८२ किलोमीटर लांबीची तार गुंडाळलेली, तिच्यातून सुमारे १५०० अँपिअर वीज वाहते, आणि तारेने वीज विनारोध वाहून न्यावी म्हणून ७५०० लिटर द्रव हेलियम तिला उणे २७१ अंशांवर ठेवतो. बेलफोरच्या कारखान्यात हा चुंबक तयार झाला आणि रस्त्याने व नदीने प्रवास करत मे २०१७मध्ये साक्लेला पोहोचला. जुलै २०१९मध्ये क्षेत्र पहिल्यांदा ११.७ टेस्लावर गेलं. २०२१ साली आत पहिला ठेवला तो लाल भोपळा. त्याच्या गराच्या शिरा मिलिमीटरच्या अर्ध्याहून कमी जाडीपर्यंत स्पष्ट आल्या.

माणसाला आत घ्यायला आणखी वाट पाहावी लागली. १९८५ साली एक डॉक्टर स्वतःच यंत्रात झोपला होता आणि तेवढं पुरेसं होतं. आता नियामकांची परवानगी घेऊन २० निरोगी स्वयंसेवक निवडले गेले. एप्रिल २०२४मध्ये चित्रं जाहीर झाली. चार मिनिटांत घेतलेल्या चित्रात ०.२ मिलिमीटर बाजूचा आणि एक मिलिमीटर जाडीचा ठिपका वेगळा ओळखू येत होता. तेवढा तपशील दवाखान्यातल्या यंत्रावर मिळवायचा तर माणसाला तासन्‌तास निश्चल पडून राहावं लागेल. निकोला बुलाँ आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांची नाडी व रक्तदाब, तोल, स्मरण आणि लक्ष, शिवाय रक्तपेशींतल्या जनुकांना काही इजा झाली का, हे सगळं तपासलं. अपाय आढळला नाही. आता पार्किन्सन, अल्झायमर यांच्या सुरुवातीच्या खुणा शोधायच्या, आणि मनोरुग्णांना वर्षानुवर्षं दिलं जाणारं लिथियम मेंदूत कुठे कुठे जाऊन बसतं ते पाहायचं, असं काम साक्लेत मांडलेलं आहे.